जिवंत आमिषासाठी होडीत टाकी

प्रश्न : आमची १६ फुटी फायबरची होडी आहे, वर ९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड. जिताडा मासा धरण्यासाठी पागाने, म्हणजे फेकजाळ्याने, पकडलेली बोय माशाची पिल्लं आणि कोळंबी बादलीत ठेवतो, पण तासाभरात निम्मी उलटी होतात. पंपाची टाकी बसवायची आहे. तळाला भोक पाडावं लागेल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : तळाला नाही. पण बाजूला एक भोक लागेल आणि ते कुठे पाडता यावरच सगळं अवलंबून आहे.

टाकीसाठी ६० लिटरचा गोल, खाद्यपदार्थांचा ड्रम घ्या. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. चौकोनी टाकीत बोय कोपऱ्यात घुसून तोंड घासते, खवले जातात आणि गळाला लावण्याआधीच ती मरगळते. भरलेली टाकी म्हणजे होडीत एक जास्तीचा माणूसच, ६० किलोंच्या वर. त्यामुळे ती इंजिनापाशी न ठेवता मधल्या फळीला टेकवून, जमिनीवर, दोन पट्ट्यांनी आवळा. अर्धवट भरू नका. हिंदकळणारं पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावतं.

पंप १२ व्होल्टचा, ताशी ३६० गॅलनचा पुरतो. डब्यावर लिहिलेला हा आकडा, म्हणजे साधारण १३५० लिटर, पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. पाणी वर चढवताना तो बराच घटतो, तरीही ६० लिटरला भरपूर. पंप पीव्हीसी पाइपाच्या टोकाला बांधून ट्रान्समवरून, म्हणजे इंजिन अडकवतो त्या मागच्या फळीवरून, पाण्यात सोडा आणि होडी हाकताना वर उचला. त्या १०-१५ मिनिटांपुरता सेलवरचा हवेचा पंप चालतो. आत येणारी नळी पाऊण इंची. तिच्यावर एक व्हॉल्व्ह ठेवा, कारण जोराच्या धारेत कोळंबी गरगरत राहते आणि दमून मरते.

आता बाहेर जाणारी वाट. इथेच बहुतेकांचं चुकतं. आत येणारं पाणी पंप ढकलतो, बाहेर जाणारं फक्त उताराने जातं. दोन्हीकडे पाऊण इंची नळी लावलीत तर टाकी काठावरून वाहून होडीत पाणी साचणारच. बाहेरची नळी दीड इंची हवी. टाकीतलं तिचं तोंड वर, होडीच्या बाजूचं भोक त्याहून खाली, आणि मध्ये कुठेही नळीला झोळ नको. भोकाची जागा ठरवताना माणसं, इंधन, भरलेली टाकी असा पूर्ण भार चढवून पाण्याची रेष खुणेने आखा. भोक तिच्या किमान १० सेंटिमीटर वर. रिकाम्या होडीवर मापलंत तर भर समुद्रात तिथूनच पाणी आत येईल. टाकीतल्या तोंडावर सपाट जाळी नको, एक बोय चिकटली की वाट बंद. जाळीची उभी नळकांडी बसवा.

बॅटरी वेगळी, २६ अँपिअर-तासांची. पंप दोनेक अँपिअर खातो, सहा तासांत १२. निम्म्याहून जास्त उपसली नाही तर बॅटरी टिकते. धन तारेवर बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज.

आणि गर्दी करू नका. बोटभर लांबीची पिल्लं १५-२०, बस. तीस अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पंप कितीही मोठा लावा.

प्रश्न : पंपाचा आवाज येतो, पण पाणी चढत नाही.

उत्तर : आत हवा अडकली आहे. हे पंप स्वतः पाणी ओढत नाहीत, आधी बुडावे लागतात. बंद करा, पाण्याखाली तिरका करून बुडबुडे जाऊ द्या, मग चालू करा. पुन्हापुन्हा होत असेल तर नळीत कुठेतरी उंच वळसा आहे.

प्रश्न : बोय जगते, कोळंबी मात्र मरते. टाकी नवी आहे.

उत्तर : पितळी नळ किंवा जोड लावलाय का? तांबं कोळंबीला फार लवकर बाधतं. नायलॉनचे लावा. तसं नसेल तर पाणी बघा : समुद्राकडची कोळंबी पावसानंतरच्या गोड्या खाडीत नेऊन पंप सुरू केला की खारटपणा एकदम उतरतो. बोयला त्याचं काही वाटत नाही, कोळंबीला सोसत नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा आणि टाकीत जाळ्याचा जुना तुकडा सोडा, तिला धरून बसायला.