उघड्या छताच्या मोटारीत पाणी येते कोठून?

प्रश्न : माझ्याकडे दोन आसनांची, कापडी छताची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स मोटार आहे. गेल्या वर्षी ती मी पुण्याहून वापरलेली घेतली. घरासमोरच्या कडुनिंबाखाली ती उभी असते. यंदा जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात उजव्या काचेच्या पुढच्या कोपऱ्यातून थेंब पडू लागले आणि चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला झाला. ओळखीच्या मिस्त्रींनी काचेच्या रबरावर बाहेरून सिलिकॉन भरून दिले. कोपऱ्यातले थेंब कमी झाले, पण गालिचा पूर्वीपेक्षा अधिक भिजतो आणि आत कुबट वास येतो. मे महिन्यात बॅटरी बदलली होती व दारांत नवे स्पीकर बसवले होते, परंतु त्यांचा याच्याशी संबंध नसावा. सगळी रबरे नवी मागवावीत काय? खर्च फार मोठा आहे. (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : रबरे मागवण्याची घाई करू नये, ही पहिली विनंती. ज्या दोन गोष्टी आपण ‘संबंध नसावा’ म्हणून पत्राच्या शेवटी लिहिल्या आहेत, त्यांच्यापासूनच शोध सुरू करावा असे मला वाटते.

साध्या मोटारीत दाराच्या काचेभोवती पत्र्याची चौकट असते आणि काच तिच्यातल्या चॅनेलमध्ये सरकते. उघड्या छताच्या मोटारीत ही चौकटच नसते. काच दारातून मोकळी वर येते, छताच्या कडेला लावलेल्या रबराला टेकते, आणि तिची वरची कड त्या रबरात किती दाबली जाते यावर पाऊस बाहेर राहणार की आत येणार हे ठरते. म्हणूनच अशा अनेक मोटारींत दाराची मूठ ओढताच काच सुमारे एक सेंटिमीटर खाली उतरते आणि दार लागल्यावर पुन्हा वर चढून रबराच्या ओठाखाली जाऊन बसते. वर जाऊन नेमके कोठे थांबायचे, हे काचेची मोटर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या स्मरणात असते आणि बॅटरी सोडवली की कित्येक मॉडेलांत ते स्मरण पुसले जाते. काच वर गेलेली दिसते, पण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ती चढत नाही. मे महिन्याच्या उन्हात हे कोणाच्या लक्षात येणार? ते कळते जुलैत.

तेव्हा आज घरीच एक गोष्ट पाहावी. दार हळूच उघडताना काच किंचित खाली उतरते का आणि दार लावल्यावर वर चढते का? आपल्या मोटारीत ही सोय असूनही तसे होत नसेल, तर काचेला तिची जागा पुन्हा शिकवावी लागेल. बहुतेक मोटारींत काच पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद दाबून धरायचे, मग पूर्ण वर नेऊन तसेच धरायचे, असा क्रम असतो; परंतु तो मॉडेलनुसार बदलतो, म्हणून मोटारीची पुस्तिका समोर ठेवूनच करावा. यात एक रुपयाही खर्च होत नाही.

त्यानंतर रबराची परीक्षा. रबर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे, त्यावर बोटाने टाल्कम पावडर हलकी पसरावी, काच वर ठेवून दार लावावे आणि लगेच उघडावे. काचेच्या कडेवर पांढरी रेघ उमटलेली दिसेल. ती रेघ मागपासून पुढपर्यंत सलग आली, तर रबर आपले काम करीत आहे. माझ्याकडे आलेल्या अशा मोटारींत ही रेघ बहुधा पुढच्या कोपऱ्यात, आरशाच्या वर चार बोटे, तुटलेली आढळते. कारण दर्शनी काचेच्या वरच्या पट्टीचे रबर, तिच्या बाजूच्या खांबाचे रबर आणि छताच्या कडेचे रबर अशी तीन रबरे त्या एका कोपऱ्यात येऊन मिळतात. आपले थेंब तेथूनच पडत होते. रेघ तुटलेल्या ठिकाणी कागदाची पट्टी काचेखाली धरून दार लावावे व ती ओढून पाहावी. ती अडत-अडत आली तर दाब आहे, सुळकन निघाली तर नाही.

दाब नसण्याची कारणे दोन. एक तर रबर बसले असेल. ही रबरे बहुतेक ईपीडीएम जातीची असतात, वर्षानुवर्षे दाबली गेल्यावर ती चपटी होऊन तशीच राहतात, आणि नागपूरच्या ४५ अंशांवरच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीत ती कडकही होतात. रबर नखाने दाबून सोडल्यावर खळगा भरून येत असेल, तर त्यात जीव आहे. दुसरे कारण म्हणजे काचच बाहेरच्या बाजूला कललेली असणे. दाराचे पॅड उघडल्यावर काच किती वर थांबते, किती आत झुकते आणि पुढे-मागे किती सरकते, हे ठरवणारे बोल्ट दिसतात. ते ढिले करण्याआधी प्रत्येकाची मूळ जागा मार्करने पत्र्यावर आखून घ्यावी; ती खूण नसेल तर चुकलेले काम मागे घेता येत नाही. एका वेळी एकच बोल्ट, तोही मिलिमीटरभर, आणि पुन्हा पावडर. काच गरजेपेक्षा अधिक आत झुकवली तर ती दर वेळी रबराला घासत चढते, रबराचा ओठ फाटतो आणि काच उचलणारी यंत्रणाही लवकर जाते. ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही त्यांनी ते जाणत्या मिस्त्रींसमोर बसूनच करून घ्यावे.

आता गालिच्याकडे वळू, कारण माझ्या मते आपल्याकडे दोन स्वतंत्र गळत्या आहेत. दाराच्या आत पाणी जाणे हा मुळी दोषच नव्हे. काचेवरून ओघळणारे पाणी तिच्या तळाशी असलेल्या पट्टीतून थोडेफार आत जातेच आणि दाराच्या पोकळीतून उतरून खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडते. ते मोटारीत येऊ नये म्हणून दाराचा पत्रा आणि आतले पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा किंवा फोमचा एक पडदा काळ्या, चिकट ब्यूटाइलने चिकटवलेला असतो. स्पीकर बसवणारे कारागीर तो पडदा ओढून काढतात, कधी ब्लेडने कापतात आणि परत नीट चिकटवत नाहीत. मग दारातले पाणी पॅडच्या मागून थेट उंबऱ्यावर व तेथून गालिच्याखाली जाते. पॅड उघडून पडद्याची खालची कड बोटाने चाचपून पाहावी. ती सुटलेली आढळली तर जुने ब्यूटाइल काढून नव्या ब्यूटाइल टेपने पडदा सर्व बाजूंनी दाबून बसवावा. त्याच वेळी दाराच्या खालची भोके लाकडी काडीने मोकळी करावीत. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल, तर ती बुजलेली आहेत हे नक्की समजावे.

कडुनिंबाचे आपण ओझरते लिहिले आहे, पण तो या प्रकरणातला मोठा भाग असू शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, त्यामागून बारीक फुले झडतात आणि पावसाच्या तोंडाशी निंबोळ्या पडतात. कापडी छताची मोटार सगळे पाणी छतावरच अडवत नाही. छताच्या मागच्या कडेखाली एक पन्हळ असते आणि तिच्यातले पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मोटारीखाली सोडलेले असते. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये या नळ्या आसनांच्या मागून खाली उतरतात आणि मागच्या चाकांच्या पुढे उघडतात. २००२ ते २००८ या काळात तयार झालेल्या बीएमडब्ल्यू झेड-४ मध्ये तर छत हलवणारी हायड्रॉलिक मोटर मागच्या अशाच खळग्यात बसवलेली आहे, त्यामुळे नळी तुंबली की पाण्यात बुडते ती ही मोटर आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. आपल्या मोटारीत या नळ्यांची तोंडे कोठे आहेत हे शोधून त्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओतावे व ते खाली पडते का ते पाहावे. तुंबलेली नळी गवत कापण्याच्या यंत्राच्या जाड नायलॉन दोरीने मोकळी करावी. लोखंडी तार घालू नये, कारण नळीला भोक पडते. कॉम्प्रेसरची जोरदार हवाही मारू नये, कारण तिने नळी जोडातून सुटून आतल्या आत पडते आणि मग पन्हळीतले सारे पाणी मोटारीतच येते.

सिलिकॉनविषयी स्पष्ट लिहितो. त्या कोपऱ्यातल्या रबरांना मुद्दाम खाच ठेवलेली असते, ती पन्हळीसारखे पाणी बाहेर खाली नेते. बाहेरून भरलेले सिलिकॉन ही खाच बुजवते, पाणी अडते आणि जरा खालून, जिथे आपली नजर पोचत नाही अशा जागेतून, आत उतरते. थेंब कमी होऊन गालिचा अधिक भिजण्याचे एक कारण हे असावे. मिस्त्रींचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण हलत्या काचेच्या रबरावर चिकटवण्याचे द्रव्य लावायचेच नसते. ते बोटांनी आणि प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने सोलून काढावे; पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, त्याने ईपीडीएम फुगते. ग्रीस आणि व्हॅसलीनचाही परिणाम हाच. रबरासाठी मिळणारे सिलिकॉन तेल स्वच्छ रबरावर फडक्याने पातळ लावले तर ते मऊ राहते.

हे सगळे झाल्यावर पाण्याची परीक्षा घ्यावी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बागेची नळी संथ सोडून दाराच्या तळापासून सुरुवात करावी, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटे थांबून वर-वर जावे. वरूनच पाणी सोडले तर ते सगळीकडे पसरते आणि कोठून शिरले हे कळतच नाही. वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या फवाऱ्याने ही परीक्षा करू नये. त्याच्यापुढे निरोगी रबरही टिकत नाही.

गालिचा मात्र आजच उचलावा. त्याच्याखालचा फोम पाणी शोषतो, वरून कोरडा वाटला तरी आठवडेच्या आठवडे ओला राहतो, आणि आसनांखालून जाणाऱ्या वायरिंगचे जोड त्यात गंजतात. आसन काढायचे असल्यास पिवळ्या रंगाचे जोड एअरबॅगचे असतात हे लक्षात घेऊन ते काम जाणत्या कार्यशाळेतच करून घ्यावे. आणि छत ओले असताना कधीही दुमडून ठेवू नये.

रबराविषयी निर्णय यानंतर घ्यावा. पावडरची रेघ तरीही तुटत असेल, तर जेथे तुटते तेवढाच भाग मागवावा.

प्रश्न : अंबाझरी ले-आउटमधील एक गृहस्थ उघड्या छताची मोटार विकत आहेत. आत ओलीचा वास येतो. ‘काचेतून थोडे पाणी येते’ असे ते म्हणतात. मला २०२३ च्या पुराची शंका वाटते. कसे ओळखावे? (एक वाचक, मनीषनगर, नागपूर)

उत्तर : शंका रास्त आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्तीत शिरले आणि त्या भागातल्या पुष्कळ मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. दोन्ही पाण्यांचा वास सारखाच येतो, पण खुणा निराळ्या असतात. काचेतून गळणारे पाणी एका बाजूला ओल धरते आणि ते स्वच्छ असते. पुराचे पाणी दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर गाळाची रेघ ठेवून जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. रिळात गुंडाळलेल्या त्या भागावर मातकट डाग दिसला तर व्यवहार तेथेच थांबवावा, कारण आसने धुणारा माणूस सहसा तेथपर्यंत पोचत नाही. आसनाच्या रुळांवरचे बोल्ट, डिकीतल्या जादा चाकाखालचा खळगा आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जुडग्यांतली बारीक माती याच क्रमाने पाहावी. काही न आढळल्यास वर सांगितलेली पावडरची आणि नळीची परीक्षा विक्रेत्यासमोर करावी. ती करू देण्यास त्यांनी नकार दिला, तर मोटार घेऊ नये.