वाचकांचे प्रश्न : कर्ण्यावर भजन पोकळ का वाजते?

प्रश्न : आमच्या मंडळाचे भजन दोन माइकवर, स्टीरिओत रेकॉर्ड केले. हेडफोनवर झकास वाटते, पण देवळाच्या एकुलत्या एका कर्ण्यावर लावले की बुवांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. माइक बदलू का?

उत्तर : माइक बिचारे निर्दोष आहेत, घोटाळा ते ठेवण्यात झालाय. एक माइक बुवांपासून दुसऱ्यापेक्षा 34 सेंमी लांब असेल, तर त्यात आवाज 1 मिलिसेकंद उशिरा पोचतो. हेडफोनवर प्रत्येक कानाला आपापला चॅनल मिळतो, म्हणून ते खपून जाते. कर्ण्यासाठी दोन्ही चॅनल एकत्र झाले की 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा सुरांच्या जागी आवाजाच्या लाटा एकमेकींना खातात. गळ्याचा भरीवपणा नेमका याच पट्ट्यात.

झालेल्या फाइलमध्ये दोन चॅनलांची बेरीज करूच नका. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टीरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो (एकेका चॅनलचे) करा, बुवा जवळचे वाटतात तो ठेवा, दुसरा उडवा. ट्रॅक सरकवून जुळवता येतो, पण बुवा जुळले की पखवाज बिनसतो.

पुढच्या वेळी एकच कार्डिऑइड माइक (समोरचे जास्त, मागचे कमी ऐकणारा) लावा. मग कोणाचा आवाज किती, हे मिक्सिंग कोण माइकपासून किती लांब बसतो त्यावरूनच होते. अंतर दुप्पट केले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. घुमणाऱ्या सभामंडपात त्याहून कमी. माइक बुवांच्या तोंडासमोर 60 सेंमीवर, किंचित वर रोखलेला, म्हणजे पेटी वरचढ होत नाही. पखवाज दीड मीटरवर, टाळकरी बुवांच्या मागे अडीच-तीन मीटरवर. टाळ कितीही लांब बसवा, ऐकू येतातच! लेव्हल आलापावर नव्हे, गजरावर लावा. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर -12 डेसिबलपाशी थांबला पाहिजे.

प्रश्न : कीर्तनासाठी डायनॅमिक माइक एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा जोड) ते 3.5 मिमी केबलने कॅमेऱ्याला जोडला. हेडफोनवर आवाज आहे, एका स्पीकरच्या मोबाइलवर जवळपास नाहीच.

उत्तर : केबलमध्ये एक्सएलआरची पिन 2 डाव्या आणि पिन 3 उजव्या चॅनलला गेली आहे. त्या दोन पिनांवर तोच आवाज एकमेकांच्या उलट असतो, बेरीज शून्य. हेडफोनवर आवाज डोक्याच्या मधोमध न बसता कानांबाहेर पांगतो, ही त्याची खूण. फाइलमधला एक चॅनल ठेवला की काम झाले. केबलला मात्र नव्याने डाख द्या : पिन 2 प्लगच्या टोकाला आणि मधल्या कड्याला, पिन 1 व 3 बुडाच्या भागाला.