उजेड पाडण्याआधी उष्णता मोज
पाषाण, पुणे

प्रिय मित्रा,

‘प्रकाशाने पदार्थाची अवस्था बदलली’ हे लिहायला तुझा हात शिवशिवतोय. त्याआधी सांग, ती प्रकाशाने बदलली की नमुना नुसता तापला?

व्हॅनेडियम डायऑक्साइड 68 अंश सेल्सिअसच्या आसपास एरवीही विद्युतरोधकाचा धातू होतो. लेसरने तेच झालं, तर नवल सिद्ध करायची जबाबदारी तुझी. याउलट 1टी-टॅन्टॅलम डायसल्फाइड हा थरांचा स्फटिक. 2014 मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या गटाने थंड नमुन्यावर लेसरची 35 फेमटोसेकंदांची (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) एकच पल्स टाकली आणि विद्युतरोध कोसळला, तो तसाच राहिला. सावकाश तापवून ही अवस्था हाती लागत नाही. उलट तापवल्यावर पुसली जाते. दावा करावा तर असा.

आता तुझा फ्लुएन्स, म्हणजे एका पल्समधून दर क्षेत्रफळावर पडणारी ऊर्जा. 1 किलोहर्ट्झला (सेकंदाला हजार पल्स) 10 मिलिवॅट म्हणजे पल्समागे 10 मायक्रोज्यूल. तीव्रता मध्याच्या साडेतेरा टक्क्यांवर येते तिथवर ठिपक्याची त्रिज्या 300 मायक्रोमीटर धर. नुसत्या क्षेत्रफळाने भागलंस तर 3.5 मिलिज्यूल दर चौरस सेंटीमीटर येतात, पण गाउसियन (मध्यावर प्रखर, कडेकडे मंद होणाऱ्या) ठिपक्याच्या मध्यावर त्याच्या दुप्पट, 7.1 असतात. त्यात पॉवर मीटर चॉपरनंतर (बीम आलटून पालटून अडवणाऱ्या फिरत्या चकतीनंतर) ठेवलास, तर आकडा निम्माच दिसतो. दोन्ही चुका एकदम झाल्या की चौपट फरक पडतो, आणि नमुना का जळला याचा पत्ता लागत नाही. पंपचा (नमुना चाळवणाऱ्या पल्सचा) ठिपका प्रोबच्या (नमुना तपासणाऱ्या क्षीण पल्सच्या) ठिपक्याच्या दोन-तीनपट मोठा ठेव, म्हणजे प्रोबला एकसारखा भाग दिसेल.

शून्य वेळ, म्हणजे पंप आणि प्रोब नमुन्यावर एकदम पोचतात तो क्षण, शोधताना आधी दोघांचे मार्ग टेपने मोजून सेंटीमीटरभरात आण. मग नमुन्याच्या जागी बीबीओ स्फटिक (लेसरचा लाल उजेड निळा करणारा) लाव. दोन निळसर ठिपक्यांच्या मधोमध तिसरा उमटला की जमलं. पण स्टेज (एका मार्गाची लांबी बदलणारा सरकता आरसा) 1 मायक्रोमीटर सरकली की वेळ 6.7 फेमटोसेकंदांनी बदलतो, म्हणून मिलिमीटरच्या उड्या मारल्यास तर तो ठिपका आयुष्यात दिसणार नाही. (पावसाळ्यात बीबीओ सिलिका जेलच्या डबीत ठेव, त्याला आपल्याकडची दमट हवा सोसत नाही.)

काचेचाही हिशेब ठेव. 800 नॅनोमीटरची 35 फेमटोसेकंदांची पल्स 10 मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकातून गेली की जवळपास 45 ची होते. लेन्स, खिडकी, पोलरायझर, सगळं धर.

सर्वांत महत्त्वाचं, आलेखातली शून्य वेळेआधीची रेषा. तिथे सिग्नल शून्य हवा. तसा नसेल तर प्रोब अडव. तरी सिग्नल राहिला, तर तो पंपचा विखुरलेला उजेड. मग पंप आणि प्रोबची ध्रुवणं एकमेकांना काटकोनात ठेवून फक्त प्रोबचा उजेड जाऊ देणारा पोलरायझर लाव. प्रोब अडवल्यावर सिग्नल गेला, तर नमुना दोन पल्सांच्या मधे सावरत नाही. मग पल्सची ऊर्जा तीच ठेवून वारंवारता 1 किलोहर्ट्झवरून 100 हर्ट्झवर आण. आलेख बदलला, तर तू साचलेली उष्णता मोजत होतास. क्रायोस्टॅटचा (नमुना थंड ठेवणाऱ्या यंत्राचा) तापमापी यात कामाचा नाही. तो नमुन्याखालच्या तांब्याचं तापमान सांगतो, ठिपक्याचं नाही.

आणि अंगठी, घड्याळ काढून ठेव, त्यांवरून बीम डोळ्यात उसळतो. 800 नॅनोमीटरचा उजेड डोळ्याला मिणमिणता दिसतो, म्हणूनच घात करतो. गॉगल काढून बीम ‘जरा बघायचा’ नाही.

100 हर्ट्झचा स्कॅन झाला की पाठव, शून्याआधीच्या निदान 5 पिकोसेकंदांसकट.

तुझा,
मार्गदर्शक