४ वर्षांची मुलगी झोपल्यावर दीडेक तासात किंचाळत उठून बसते, आम्हाला ओळखतही नाही. तिला जागं करावं का?

नाही, जागं करू नका. डोळे उघडे दिसले तरी ती गाढ झोपेतच असते आणि हलवून उठवलं तर जास्तच बिथरते. हे वाईट स्वप्न नव्हे, याला नाइट टेरर म्हणतात. झोपेच्या पहिल्या तीनेक तासांत, गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना हे होतं. सकाळी तिला काही आठवत नाही, तेव्हा खोदून विचारू नका. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होऊन बिलगतं, ‘कुत्रा मागे लागला’ असं सांगतं. तिथे मात्र लगेच जवळ घ्यायचं. टेररमध्ये ती पलंगावरून पडणार नाही, भिंतीवर डोकं आपटणार नाही एवढंच बघा, बहुतेकदा ५-१० मिनिटांत आपसूक आडवी होते. वेळ ठरलेली असेल तर आठवडाभर टिपून ठेवा आणि मग २-४ आठवडे, रोज त्या वेळेच्या १५-२० मिनिटं आधी तिला अलगद चाळवा, कूस बदलेल किंवा हुंकार देईल इतपत. अपुरी झोप हे नेहमीचं कारण: दुपारची झोप नुकतीच सुटली असेल तर रात्री अर्धा तास लवकर निजवा. तापातही हे वाढतं. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण झोपण्याआधी. मात्र अंग ताठ होणं, एका लयीत झटके येणं किंवा रोजचं घोरणं दिसलं, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.