‘राजहंस’ आणि डोक्यावरचा पट्ट

प्रश्न आला आहे: ‘राजहंस म्हणजे स्वान की फ्लेमिंगो? येळ्ळूरच्या राजहंसगडाचं नाव त्यावरूनच पडलं का?’

दोन्ही नव्हे. लग्नपत्रिकेवरच्या त्या लांब मानेच्या पांढऱ्या स्वानाला राजहंस म्हणणं कृपा करून थांबवा. स्वान आपल्या दख्खनच्या पाण्यावर येत नाही. नीरक्षीराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो.

‘हंस’ या शब्दाची भावंडं बघा: जर्मन ‘गान्स’, लॅटिन ‘आन्सर’, इंग्रजी ‘गूज’. तिन्हींचा अर्थ एकच, गवतावर चरणारा, थव्यानं उडणारा, बदकाचा थोरला भाऊ. कन्नडातला ‘हेब्बातु’ तरी दुसरं काय सांगतो? थोरलं बदक!

गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार मित्राबरोबर पक्षी बघत फिरलो. शनिवारी राजहंसगडावर घारी आणि मोर. रविवारी अंधारातच बेळगाव सोडलं आणि गदग जिल्ह्यातला मागडीचा तलाव गाठला. तिथं दर हिवाळ्यात पट्टकादंब, म्हणजे इंग्रजीत ‘बार-हेडेड गूज’ म्हणतात ते हंस, उतरतात. दुर्बीण डोळ्याला लावून मित्र म्हणाला, ‘डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत की रे!’ आणि मला उत्तर सापडलं.

पट्ट म्हणजे नुसता रेघेचा पट्टा नव्हे. राजाच्या कपाळी बांधतात तोही पट्टच. पट्टाभिषेक, पट्टराणी हे शब्द त्यातलेच. इथून जवळ, चालुक्य राजांना जिथं राज्याभिषेक होई, त्या गावाचं नावच पट्टदकल. मग ज्या हंसाच्या डोक्यावर निसर्गानंच पट्ट बांधलेला, तो राजहंस नाही तर कोण? माझं मत एवढं स्वच्छ आहे, आणि मागडीचा थवा पाहिल्यापासून ते अधिकच पक्कं झालंय.

फ्लेमिंगोवाले विद्वान अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश पुढे करतात: ‘राजहंसास्तु ते चञ्चुचरणैर्लोहितैः सिताः’, म्हणजे चोच आणि पाय तांबडे, अंग पांढरं. पण त्या ओळीतला ‘ते’ कुठं गेला? ‘ते’ म्हणजे आदल्या ओळीतले हंस. राजहंस हा हंसांचाच एक प्रकार, असं कोशकार अमरसिंह सांगतो. फ्लेमिंगो हंसकुळातला नाहीच. आदल्या ओळीतच हंसाला ‘मानसौकस’ म्हटलंय, मानससरोवरात घर असलेला. फ्लेमिंगोची घरटी कच्छच्या रणात असतात. पट्टकादंब मात्र तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतो आणि 7,000 मीटरपेक्षा उंचावरून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याचे पाय नारिंगी असतात. ‘लोहित’मध्ये ती छटा बसत नाही, हे मला कुणी पटवून द्यावं. अंग राखी असतं हे कबूल. पण उडताना खालून तो केवढा फिकट दिसतो, हे कोश चाळून कळत नाही, त्यासाठी पहाटे तळ्यावर जावं लागतं.

आणि ‘पट्टकादंब’ वाचून खानापूरकडच्या हलशीचे कदंब राजे कुणी मध्ये आणू नयेत. ते कदंबाच्या झाडाचे, त्यांचा ‘क’ ऱ्हस्व. पक्ष्याचा ‘का’ दीर्घ, आणि अमरकोशात ‘कादंब’चा अर्थ कलहंस, म्हणजे हंसाचाच एक प्रकार.