नवा पूल होईपर्यंत जुन्याचं काय?

प्रश्न : आमच्या गावाजवळ नदीवर जुना दगडी कमानींचा पूल आहे. खांबात पिंपळ उगवलाय, कठड्याचे दगड सुटलेत. ग्रामसभेत विचारलं तर सांगितलं, ‘नवा पूल प्रस्तावित आहे, जुन्यावर खर्च करता येत नाही.’ हे खरं का? आम्ही काय करावं?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : हे उत्तर मान्य करू नका. नवा पूल खुला होईपर्यंत तुमची मुलं जुन्यावरूनच शाळेत जाणार आहेत. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार माणसं गेली. तिथंही नवा पूल मंजूर होता, काम मात्र सुरू झालेलं नव्हतं.

माझी सगळी नोकरी पुलांच्या कामात गेली, म्हणून पिंपळाबद्दल आधी सांगतो. तो वरून छाटून उपयोग नाही, पुन्हा फुटतो. त्याचं मूळ दगडांमधल्या दरजांत (सांध्यांत) शिरून दगड सुटे करतं आणि त्या फटींतून पाणी कमानीच्या आत जातं. मूळ खणून मारायचं, दरजा पुन्हा भरायच्या, वरचं पाणी वाहून नेणारे पाइप मोकळे करायचे. नव्या पुलाच्या मानानं हा खर्च किरकोळ असतो. तरीही तो होत नाही, कारण नव्या कामाला स्वतंत्र मंजुरी आणि निधी मिळतो. देखभालीच्या तुटपुंज्या रकमेत मात्र खड्डे, मोऱ्या, साइडपट्ट्या सगळंच बसवायचं असतं. तिथं पुलाचा नंबर शेवटी लागतो. याची मला आजही चीड येते.

पाण्याखालचा भाग आणखी महत्त्वाचा. पुरात खांबाच्या पायाजवळची वाळू-माती वाहून जाते आणि वरून पूल धडधाकट दिसत राहतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्याची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. म्हणून ‘तपासणी झाली’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाया कोणी पाहिला, कसा पाहिला, ते विचारा.

आधी पूल कोणाचा ते शोधा. रस्ता राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सहसा सार्वजनिक बांधकाम विभाग. इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. मग माहिती अधिकारात पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीचे अहवाल फोटोंसह मागा, देखभालीवर झालेला खर्चही मागा. नव्या पुलाला प्रशासकीय मान्यता आहे का, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) निघालाय का, हे वेगवेगळं विचारा; ‘प्रस्तावित’ या शब्दात यातलं काहीच येत नाही.

ग्रामसभेचा ठरावही करून घ्या : पाणी अमुक खुणेला लागलं की पूल बंद. खूण खांबावर रंगवून घ्या, आणि रात्री बॅरिकेड लावायची जबाबदारी कोणाची, ते ठरावात नावानिशी लिहा.