रकान्यातलं वय आम्हीच लिहायचो

प्रश्न असा आहे: ‘महाराष्ट्रात दारू प्यायचं कायदेशीर वय आणखी वाढवायला हवं का? माझा धाकटा भाऊ कॉलेजात आहे, हल्ली पिऊन घरी येतो, म्हणून विचारतेय.’

नको. आधीच कडक दारूला 25 आणि बिअरला 21 आहे, याहून वर कुठे नेणार? गोव्यात 18 आहे. म्हणजे हद्दीवरचं बांदा ओलांडून पुढे गेलं की पोरगं एका मिनिटात सात वर्षांनी मोठं होतं. तुमचा भाऊ कॉलेजात आहे म्हणजे त्याला कडक दारू तरी आजच्याच कायद्याने मिळायला नको होती. मिळतेय ना? मग 25 चं 30 केल्याने काय फरक पडणार आहे?

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण वयाचा तो आकडा मी स्वतः लिहायचो. सोलापूर जिल्ह्यात, हायवेला लागून आमचं वाइन शॉप आहे. अण्णांनी काढलेलं, आता दादा बघतो. बारावीनंतर कॉलेज आणि दुकान असं माझं दोन्ही चालायचं. दारूच्या दुकानात कामाला बसायचं तर उत्पादन शुल्क खात्याचा नोकरनामा लागतो, तो माझा निघाला होता. म्हणजे 22व्या वर्षी मला व्हिस्की विकायची सरकारी परवानगी होती, प्यायची नव्हती.

आता परमिटचं. आपल्याकडे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आपण सगळे त्याच्यातल्या सवलतीवर पितो. आयुष्यभराचं परमिट हजार रुपयांचं, वर्षाचं शंभराचं, आणि एका दिवसाचं विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. क्वार्टर घ्यायला आलेल्या माणसाला तुम्ही नाव, वय, पत्ता विचारत बसलात तर तो पलीकडच्या दुकानात जातो. म्हणून एका दिवसाच्या परमिटची ती पुस्तकं रात्री भरायची. शटर अर्धं खाली, अण्णा गल्ला मोजतायत आणि मी खोक्यावर बसून नावं लिहितोय. सुचेल ते नाव. दहावीच्या हजेरीपटातली पोरं, पंचायत समितीचे सदस्य, एकदा तर अख्खी क्रिकेट टीम आडनावं बदलून लिहिली. वय 34, 41, 38, 45. एकाच आकड्याची रांग लागू द्यायची नाही, एवढं अण्णांनी शिकवलं होतं. आमच्या पुस्तकात पंचविशीच्या आतला एकही माणूस कधी दारू प्यायला नाही.

31 डिसेंबर 2015. ज्यांनी वाइन शॉपचा काउंटर बघितलाय त्यांना त्या दिवसाचं सांगायला नको. संध्याकाळी सातला आत्याचा मुलगा आला, पप्या, बरोबर चार मित्र. पप्या तेव्हा 19 चा. पोलीस भरतीची तयारी चालली होती, पहाटे पाचला ग्राउंडवर पळायचा. एरवी पिणारा नाही, वर्षातून दोन-तीनदा. त्याने खंबा मागितला, म्हणजे अख्खी बाटली. दादा भर गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आधी मागचे सहाशे चाळीस टाक. आणि वय काय रे तुझं? मिशी फुटली का?”

लोक हसले. पप्याचे मित्रही हसले.

हे नीट ऐका. त्याच्या पुढच्या पाच मिनिटांत दादाने त्याच वयाच्या निदान तीन पोरांना माल दिला. मी बाजूलाच उभा होतो, बाटल्या कागदात गुंडाळत होतो. वयाचा प्रश्न फक्त उधारीवाल्याला. पण आजही चार पाहुणे जमले की दादा सांगतो, ‘मी कायद्याने नाही म्हटलं होतं, यानेच दिली.’

हो, मीच दिली. मागच्या दाराने, जिथे बॉक्स उतरवतात तिथून. पोराचा चेहरा बघवला नाही. खंबा नाही दिला, दोन क्वार्टर दिल्या आणि पैसे माझ्या खिशातून गल्ल्यात टाकले. रात्री पुस्तक भरताना पप्याचंच नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. वय 32. का लिहिलं माहीत नाही. हात थकला होता, नवीन नाव सुचत नव्हतं.

साडेअकराला कारखान्याच्या रस्त्यावर त्याची गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉली रस्त्यातच पंक्चर होऊन उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. डाव्या मांडीत रॉड बसला. वाचला. भरती गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर दादाने ते पुस्तक काढलं, पान बघितलं आणि म्हणाला, “नाव तरी दुसरं लिहायचंस.” बास, एवढंच. त्या आठवड्यात दुकानावर बोर्ड लागला, लाल अक्षरात: ‘25 वर्षांखालील व्यक्तींना मद्य मिळणार नाही.’ मी पुण्याला निघून आलो.

त्याच पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी चालवणारा 17 वर्षांचा, पोलिसांच्या म्हणण्यानुसार पबमधून पिऊन निघालेला. दोन तरुण इंजिनिअर गेले आणि पोराला आधी जामीन मिळाला तो 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर. सतरा आणि पंचवीस यांत आठ वर्षांचं अंतर आहे. कायद्यात 30 असतं तर तेरा वर्षांचं झालं असतं, टेबलावर ग्लास तरीही आलाच असता. गुटखा 2012 पासून बंद आहे, टपरीवर जाऊन मागून बघा. चंद्रपुरात 2015 ते 2021 अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी होती. तिथल्या कुणालाही विचारा बाटली मिळायची का, फक्त भाव सांगतील.

त्यापेक्षा आडव्या बाटलीचं मतदान मला प्रामाणिक वाटतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या, म्हणून ते फार अवघड असतं. त्या बायकांना दुकान कुठे आहे, कोण कधी जातं, सगळं माहीत असतं. (आमच्या धंद्यातल्या माणसाने हे बोलू नये. दादा चिडेल.)

आता तुमचा भाऊ. त्याला कायदा दाखवू नका. आणि चार लोकांत त्याचं वय काढू नका, मिशी काढू नका, हसू नका. मागच्या दाराने लाडही करू नका, ते मी करून बसलोय. गाडीची चावी मात्र काढून घ्या, भांडण झालं तरी चालेल. रात्री एकला फोन केला तर शिव्या न देता आणायला जाईल असा घरात एक तरी माणूस असू द्या. रोज पीत असेल तर गोष्ट वेगळी, मग व्यसनमुक्तीवाल्यांकडे न्या. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून आहे, लाजू नका.

एक कबूल करायला हवं, नाहीतर कुणीतरी खाली लिहिणारच. अमेरिकेत 1984 साली केंद्राने राज्यांना धमकावलं की वय 21 करा नाहीतर महामार्गाचा निधी कापू. सगळ्या राज्यांनी केलं आणि तरुण पोरांचे अपघात खरंच कमी झाले. म्हणजे वयाचा काहीच उपयोग नसतो असं नाही. पण तिकडे माझा एक मित्र आहे, चाळिशीचा, डोक्यावर केस नाहीत, त्यालाही काउंटरवर ओळखपत्र मागतात. आपल्याकडे तसं मागायला लागले तर 21 सुद्धा पुरेल, 25 ची गरज नाही. परमिटचं हल्ली ऑनलाइनही झालंय म्हणतात. मी गेल्यानंतरचं मला सांगू नका, दादाला विचारा.

पप्याने आता पंचविशी केव्हाच ओलांडली. थंडीत पाय दुखतो. पीत नाही.

आणि दादा, वहिनी तुला हे पाठवणारच आहे, म्हणून इथेच लिहितो. गेल्या भाऊबीजेला तू परत आत्यासमोर बोललास की पप्याची उधारी राहिलीच. ते सहाशे चाळीस मी मार्च 2016 मध्ये अण्णांच्या हातात दिलेत. जुनी वही काढ, पप्याच्या पानावर खाली अण्णांच्या अक्षरात ‘जमा’ लिहिलंय.